०४१७ नंबरची बॅटरी

१

०४१७ तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा सपना तायडेने ती टेबलावर ठेवली नाही, आपटली.

खरं तर ती आपटायची वस्तू नव्हती. हृदय अचानक बंद पडू लागलं तर छातीवर शॉक देणारं जे छोटं मशीन हल्ली सोसायट्यांमध्ये, जिममध्ये, हॉलमध्ये भिंतीवरच्या पेटीत असतं, त्याची ती बॅटरी. कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं होतं. मशीनं धडधाकट, पण नवीन बॅटऱ्या मिळत नाहीत. म्हणून जुन्या बॅटऱ्या अंधेरीला, मरोळच्या या गाळ्यात यायच्या. सपना कवच उघडायची, मेलेले सेल काढायची, नवे नऊ सेल निकेलच्या पट्ट्यांनी जोडायची, आतल्या चिपमधली जुनी नोंद पुसायची, कवच चिकटवायची आणि वर हिरवं लेबल लावायची. अकरा वर्षं हेच काम. तिच्या हातची बॅटरी पुढची चार वर्षं कुणाला बघावी लागत नाही, असं केतन गिऱ्हाइकांना सांगायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं.

एक ०४१७ सोडून.

आधी ती घाटकोपरच्या एका जिममधून परत आली. तक्रार: पाच दिवसांत उतरली. सपनाने सगळे सेल बदलले. मग ती बोरिवलीच्या एका मंगल कार्यालयात गेली. सहा दिवसांत परत. पुन्हा सगळे सेल. आता मुलुंडची सोसायटी. सोमवारी बसवली, शुक्रवारी एका काडीवर.

"हिला भंगारात टाक," ती केतनला म्हणाली. दोघं आयटीआयला एका बाकावर होते. गाळा त्याच्या नावावर असला तरी त्यांची भाषा काही बदलली नव्हती.

"चिप चांगली आहे गं तिची. अशी चिप आता कुठे मिळते?"

"सेल खाते ती."

"सेल खाणारी चिप असते का? तुझ्या जोडणीत कुठेतरी गळती असेल."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. सपना जेवायचा डबा न उघडताच परत टेबलाशी बसली. तिने वेल्डिंग तपासलं, पट्ट्या तपासल्या, भिंगाखाली एकेक सांधा पाहिला. गळती नव्हती. बॅटरी उतरली नव्हती, वापरली गेली होती.

"हे लोक खेळतायत मशीनशी," ती म्हणाली. "आणि नाव माझं खराब होतंय."

२

या बॅटऱ्यांचं एक बरं होतं. मशीन कधी उघडलं, काय बोललं, शॉक किती दिले याची सगळी नोंद मशीनमध्ये नव्हे तर बॅटरीच्या चिपमध्ये साठते. सपना ती आजवर न वाचता पुसत आली होती. वाचून करायचं काय? जुन्या मालकाची जुनी गोष्ट. पण आज तिला पुरावा हवा होता. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तोंडावर कागद मारायचा होता.

तिने वायर जोडली आणि नोंद उघडली.

मंगळवार, दुपारी ३ वाजून १० मिनिटं. मशीन सुरू. पॅड छातीला लागले. शॉक. दाब सुरू. पुन्हा शॉक. पुन्हा दाब. असं चौतीस मिनिटं. मग बंद.

बुधवार, ३ वाजून १० मिनिटं. तेच. गुरुवार. तेच.

"बघ," तिने केतनला हाक मारली. "रोज दुपारी. वेळ ठरवून."

"ट्रेनिंग घेत असतील."

"खऱ्या शॉकने?"

शॉक देण्याआधी मशीन छातीला चिकटवलेल्या दोन पॅडमधला विजेचा रोध मोजतं. पॅड हवेत धरले, उशीला लावले, ओल्या फडक्याला लावले, की आकडा असा काही येतो की मशीन शॉक द्यायला नकार देतं. इथे प्रत्येक शॉकपुढे आकडा होता: ७८ ओहम. तिन्ही दिवस ७८. सपनाने असे आकडे झोपेतही ओळखले असते. तो माणसाच्या छातीचा आकडा होता, आणि एकाच माणसाच्या.

तिचा राग जरासा निवला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. ते तिला आवडलं नाही. तिने रागच परत ओढून आणला.

मग दाबाचे आकडे. पॅडच्या मधोमध एक चपटी चकती असते. छाती किती खोल दाबली ते ती मोजते. पाच सेंटिमीटर हवेत. मंगळवारची सुरुवात ५.२ ने होती. दोन मिनिटांनी ४.७. दहा मिनिटांनी ३.९. शेवटी २.६. मध्ये कुठेही आकडा परत वर चढलेला नव्हता.

सपना महिन्यातून दोनदा गिऱ्हाइकांना हे दाबायचं शिकवायला जायची. पहिलं वाक्य तिचं ठरलेलं होतं: दोन मिनिटांनी माणूस बदला, कितीही ताकदवान असलात तरी दमता. इथे माणूस बदलला गेला नव्हता. चौतीस मिनिटं एकच कुणीतरी दाबत होतं.

बुधवारची सुरुवात ४.८ ने होती. गुरुवारची ४.३ ने.

"हे माणूस दमत चाललंय," सपना म्हणाली.

"कोण माणूस?" केतनने विचारलं. त्या प्रश्नाचाही तिला राग आला.

३

सोसायटीचे सेक्रेटरी श्यामसुंदर मेस्त्री. मूळचे मालवणकडचे, छापखान्यातून निवृत्त झालेले आणि फोनवर कायम भांडायला बसलेले.

"मॅडम, जुना माल विकता आणि वर आम्हालाच विचारता?"

"काका, तुमच्याकडे रोज तीन-दहाला मशीन कोण उघडतं?"

"कोण उघडणार? मशीन ज्येष्ठांच्या कट्ट्याच्या खोलीत. कट्टा दोन ते पाच बंद. चावी माझ्या कमरेला."

"नोंद खोटं बोलत नाही."

"मग मी बोलतो काय?" आवाज चढवून ते म्हणाले, "ह्या बघा, आमच्याकडे एकशेबारा घरं आसत. सत्तरीच्या वरची माणसा पन्नास तरी. ता मशीन चाललाच पाहिजे. तुम्ही या आणि स्वतः बघा."

रागावले की मेस्त्री मालवणीवर उतरत, हे तिला आता पाठ झालं होतं.

"उद्या येते," ती म्हणाली. "आणि तीच बॅटरी घेऊन येते. सेल न बदलता. जशी आली तशी."

४

शनिवारी दुपारी अडीचला मुलुंड पूर्वेला रिक्षा सोसायटीच्या गेटबाहेरच थांबली, कारण आत वळायला जागा नाही असं रिक्षावाल्याने परस्पर ठरवलं. गेटवरच्या सीताराम वॉचमनने तिच्याकडून रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, मग गाडीचा नंबर विचारला, गाडी नाही म्हटल्यावर तो रकाना कसा भरायचा यावर पाच मिनिटं घालवली. सपना तोवर उकडून निघाली होती.

कट्ट्याची खोली तळमजल्यावर, जिन्यामागे होती. आधी इथे सोसायटीचं ऑफिस होतं. दहा प्लास्टिकच्या खुर्च्या, कॅरमबोर्ड, वर्तमानपत्रांची चळत, जमिनीवर पातळ फोमवर अंथरलेली निळी-लाल सतरंजी. सकाळी इथे योगासनं चालत. एका खिडकीला जाळी, आणि ती बाहेरून पाण्याच्या टाकीच्या भिंतीने अडलेली. दार एकच.

"इथे कुणाला काही झालं होतं का? आधी कधी?" तिने विचारलं.

"काही नाही. बिल्डिंग नऊ वर्षांची. गेले ते सगळे हॉस्पिटलात गेले. मशीन आजवर उघडलेलंच नाही."

तिने पेटी उघडली. केतनने काल तात्पुरती पाठवलेली बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि ०४१७ सरकवली. एक काडी. पॅडचं पाकीट हातात घेऊन तिने चारही कडा अंगठ्याने तपासल्या. सीलबंद. एकदा फाडलं की पाकीट पुन्हा बंद होत नाही, आणि पॅड एकदाच वापरता येतात. म्हणजे चार दिवसांत इथे कुणाच्याही छातीला काहीही लागलेलं नव्हतं.

म्हणजे चिपच खराब. केतनची लाडकी चिप. घाटकोपरच्या जिममधली जुनी नोंद कुठेतरी अडकली असणार आणि तीच ती पुन्हा पुन्हा लिहीत असणार. सपनाला एकदम हलकं वाटलं. मग लगेच आठवलं की नुसतं लिहिल्याने सेल उतरत नाहीत.

"मी बसते इथे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरून कुलूप लावा."

"आता तुमका कोंडू?"

"मी आत असताना कुणी आलं नाही याला साक्षीदार तुम्ही. म्हणजे मग वाद नको. चारला उघडा."

मेस्त्रींनी नापसंतीने मान हलवली आणि कुलूप लावलं. त्यांच्या चपला जिन्याने वर गेल्या.

५

मशीन तिने सतरंजीच्या कडेला ठेवलं, झाकण बंद. पाकीट त्याच्या शेजारी. स्वतः भिंतीलगतच्या खुर्चीत बसली आणि फोनवर केतनचे मेसेज वाचत राहिली. काय झालं. सापडलं का. परत कधी येतेस.

तीन वाजून दहा मिनिटांनी मशीन बोललं.

झाकण बंदच होतं. आवाज ओळखीचा होता. या मॉडेलला मराठी आवाज कुणा पुण्याच्या बाईचा दिलेला. गाळ्यात त्या शुद्ध भाषेची रोज टिंगल चालायची. "कृपया शांत राहावे," मशीन म्हणालं. "रुग्णाच्या उघड्या छातीवर पॅड लावावेत."

सपना उठली नाही. चिप, ती मनात म्हणाली. स्पीकरला करंट जातोय.

"हृदयाची लय तपासत आहे. रुग्णास स्पर्श करू नये."

पाकीट जिथे होतं तिथेच होतं, सीलबंद.

"शॉक देण्याची आवश्यकता आहे." मशीनमधून ती बारीक, चढत जाणारी शिट्टी निघाली. बॅटरीतली ताकद ओढून घेताना निघते तीच. सपनाने ती हजारदा ऐकली होती, पण चाचणीच्या टेबलावर. मग आत खट्ट झालं. "शॉक दिला गेला आहे. दाब देण्यास सुरुवात करावी."

मशीन टिकटिक करू लागलं. मिनिटाला एकशेदहा, दाबणाऱ्याला ताल सापडावा म्हणून. आणि त्या टिकटिकीवर, अर्धा क्षण मागे राहत, आणखी एक आवाज येऊ लागला.

बांगड्यांचा. काचेच्या, चार-सहाच असाव्यात. वर जाताना आणि खाली येताना.

आवाज वरच्या मजल्यावरून येत असेल. कुणी पोळ्या लाटत असेल. तीन वाजता? सपनाने छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि जिथून तो खरोखर येत होता तिथे सगळ्यात शेवटी पाहिलं.

सतरंजीत मधोमध एक खळगा पडत होता आणि भरत होता. त्याच्या पलीकडच्या बाजूला दोन छोटे खळगे होते, जवळजवळ, गोल. ते मात्र हलत नव्हते. गुडघ्यांचे होते ते. सपनाने इतक्या लोकांना गुडघ्यांवर बसायला शिकवलं होतं की त्याबद्दल तिला शंका आली नाही.

ती दाराशी गेली. ठोकलं. "काका." मग मोठ्याने, "मेस्त्री काका." जिन्यात कुणी नव्हतं. कुलूप तिनेच लावायला लावलं होतं. फोन हातातच आहे, हे तिला त्या क्षणी सुचलंच नाही.

बांगड्या टिकटिकीच्या मागे पडू लागल्या. आधी अर्धा ठोका, मग पूर्ण. मधला खळगा उथळ होत चालला. आणि त्यात धाप ऐकू येऊ लागली. बाईमाणसाची, तोंड उघडं ठेवून घेतलेली, प्रत्येक दाबाला कण्हत.

"अधिक जोराने दाब द्यावा," मशीन म्हणालं.

बांगड्यांनी प्रयत्न केला. चार-पाच दाब खोल गेले. मग पुन्हा उथळ.

"अधिक जोराने दाब द्यावा."

"दमलीये ती," सपना म्हणाली. मशीनला म्हणाली, चिडून, रोज केतनला म्हणते तशी. "दिसत नाही का? दमलीये."

"दाब देणारी व्यक्ती बदलावी," मशीन म्हणालं.

बांगड्या थांबल्या.

टिकटिक चालू होती. धाप चालू होती. खोलीत कुणीतरी वाट बघत होतं. किती दिवस, किती खोल्यांमध्ये, ते सपनाला मोजायचं नव्हतं. तिला एवढंच कळलं की आता छाती कुणीच दाबत नाहीये आणि एकेक टिक रिकामी जातेय. अशा वेळी काय करायचं ते तिचे हात तिला न विचारता करत आले होते.

ती अलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसली, एका तळव्यावर दुसरा ठेवला, कोपर ताठ केले आणि हात खाली नेले. सतरंजीपासून वीतभर वरच ते टेकले.

शर्टाचं कापड होतं. बटण होतं. खाली ऊब होती.

तिने दाबायला सुरुवात केली.

६

किती वेळ गेला ते तिला नंतर नोंदीतूनच कळलं. शॉकच्या वेळी मशीन म्हणेल तेव्हा तिने हात काढले, मशीन म्हणेल तेव्हा परत ठेवले. समोरून एकदा कुणाचा तरी घामेजलेला हात तिच्या मनगटाला लागला आणि बाजूला झाला. तिने मान वर केली नाही. वर पाहिलं तर काहीतरी दिसेल किंवा काहीच दिसणार नाही, आणि यातलं कुठलं जास्त वाईट ते तिला ठरवायचं नव्हतं.

कुलूप उघडल्याचा आवाज आला. मेस्त्री चारच्या आधीच आले होते. वर घरात दार ठोकल्याचा आवाज ऐकू आला म्हणून आलो, असं नंतर म्हणाले.

"मॅडम? काय चाललाय ह्या?"

"खाली बसा," सपना म्हणाली. तिच्या हनुवटीवरून घाम गळत होता. "माझे हात गेलेत. माझ्या शेजारी बसा. मी काढले की तुमचे ठेवा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं. ते वाद घालतील असं तिला वाटलं. पण तिनेच दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, याच माणसाला रबरी पुतळ्यावर हे शिकवलं होतं. ते गुडघे धरत, सावकाश बसले.

"दाब देणारी व्यक्ती बदलावी."

तिने हात काढले. मेस्त्रींनी ठेवले. त्यांचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता. मग तो पांढरा पडला, पण हात त्यांनी काढले नाहीत. ताल चुकवत, ओठ मिटून दाबत राहिले.

"ह्यो कोण आसा?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला माहीत नाही. दाबा."

मशीन आणखी एकदा बोललं. त्यातल्या पुण्याच्या बाईचा आवाज मधेच जाड झाला, लांबला. "बॅटरी संपत आली आहे." मग टिकटिक थांबली.

दोघं तालाशिवाय दाबत राहिले, आळीपाळीने, आकडे मोठ्याने मोजत. सहा-सात मिनिटं झाली असतील. मग मेस्त्रींच्या हाताखालचं निवत गेलं, आणि पुढच्या दाबाला त्यांचे तळवे वीतभर खाली येऊन थेट सतरंजीला लागले.

पलीकडचे दोन खळगे हळूहळू भरून आले. दारापाशी, त्यांच्या पाठीमागे, काचेचा किंचित आवाज झाला.

दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही.

७

पेटीत तात्पुरती बॅटरी परत बसवून, ती नीट चालतेय याची दोनदा खात्री करून सपना मरोळला आली. मेस्त्री गेटपर्यंत आले होते. निघताना स्वतःचे तळवे पाहून म्हणाले, "पाण्यान धुतलंय तरी ही ऊब जाऊची नाय."

केतन वाट बघत होता.

"सापडलं?"

"चिप खराब नाही."

"मग?"

"माझी जोडणीही खराब नाही. ते आधी मान्य कर."

"केली मान्य. तू बरी आहेस ना?" तो खुर्ची ओढून बसला. "हे बघ, तूच म्हणत होतीस. टाकून देऊ भंगारात. चिप नको नि काही नको. संपला विषय."

तिने वायर जोडली आणि आजची नोंद उघडली. ३ वाजून १० मिनिटं. ४.१ ने सुरुवात, मग घसरण, मग एकदम ५.३. ते तिचे हात होते. मग ४.९, अडखळत. मेस्त्री. प्रत्येक शॉकपुढे ७८ ओहम. सगळ्यात खाली, बॅटरी संपण्याच्या आधीच्या ओळीत, मागच्या तीन दिवसांच्या नोंदीत कुठेही नसलेलं काहीतरी होतं.

हृदयाची लय आढळली. चार सेकंद.

ती ओळ तिने तीनदा वाचली. विषय संपवणं अवघड नव्हतं. नोंद पुसायची, पट्ट्या कापायच्या, कवच कचऱ्याच्या पिंपात. आजवर तीनदा तिने ती नोंद पुसली होती. तेव्हा त्यात काय होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. आणि पुन्हा सेल भरले तर ती बाई पुन्हा त्या सतरंजीवर येऊन बसणार, तीन-दहाला, आधीच दमलेली. हे तिच्यावर उपकार होते की छळ, ते सपनाला कुणी सांगणार नव्हतं. या सगळ्याचा तिला मनापासून वैताग आला. एवढ्या मोठ्या मुंबईत, एवढ्या वेळात, एक माणूस मदतीला येऊ नये म्हणजे काय.

तिने कपाटातून नऊ नवे सेल काढले.

"अगं, काय करतेस?" केतन म्हणाला.

"चालली आहे बॅटरी. जिवंत आहे." तिने वेल्डर सुरू केला. "सोमवारी दुपारी काय करतोयस?"

"ठाण्याला जायचंय. का?"

"जाऊ नकोस. मुलुंडला यायचंय. दोघांनी होत नाही, तिघं लागतात." पहिली पट्टी चिकटली. तिने मान वर केली नाही. "आणि हातातलं ते जाड घड्याळ काढून ये. त्याच्या छातीला टोचेल."